अक्का, तुला लागलं होतं

सरूअक्का,

परवा तुझं जलदान झालं. आपल्या वस्तीतल्या, नगरातल्या विहारात तुझा फोटो ठेवला होता, नोकरीला लागतानाचा, डोळे वटारलेला. फोटोवाल्यानं हलू नको म्हणून दम दिला होता, ही गोष्ट तू कितीदा सांगितलीस. भंतेजींनी वंदना घेतली, तुझ्या भावानं तांब्यातून पाणी सोडलं, आणि मग भाषणं सुरू झाली. दवाखान्यातले बोलले, नगरातले बोलले, तू शिकवलेल्या दोघीतिघी बोलल्या. सगळ्यांचं म्हणणं एकच. अक्का शांत होत्या, अक्कांना कधी राग आला नाही, अक्कांना कुणी काही बोललं तरी लागायचं नाही. एक जण म्हणाला, अक्का मान-अपमानाच्या पार पलीकडं गेलेल्या होत्या. माझं डोकं तापायला लागलं. ते कसं तापतं, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

तुझा भाऊ म्हणाला, "विमलताई, तुमी बोला. तुमी सगळ्यात जवळच्या." मी उठले, जयभीम म्हणाले आणि खाली बसले. लोकांना वाटलं, बाईला हुंदका आला. हुंदका आलाच होता, खोटं कशाला बोलू. पण जे बोलायचं होतं ते तिथं चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं. ते तुझ्याशीच बोलायला हवं, आणि तू तर फोटोत डोळे वटारून बसलेली.

तुझ्या कामाला नाव नव्हतं, अक्का. कागदावर तू नर्सिंगच्या मुलींना शिकवणारी बाई. नाडी, ताप, पट्ट्या, सुया, हे सगळं तू शिकवायचीसच. पण आठवड्यातून एक तास तू तुझ्या मनानं घ्यायचीस. दुपारची जेवणं झाली, वॉर्ड जरा निवांत झाला की मुलींना घेऊन यायचीस. हा पेशंट आता घरी जाणार नाही, असं सगळ्यांना कळलेलं असायचं आणि कुणी तोंडानं म्हणत नसायचं, अशा माणसाच्या खाटेपाशी तू एकेकीला बसवायचीस. हातात ट्रे नको, थर्मामीटर नको, रुमालसुद्धा नको. "रिकाम्या हातानं बसून दाव," म्हणायचीस. मुली घाबरायच्या. रक्ताला न घाबरणाऱ्या पोरी त्या स्टुलाला घाबरायच्या.

मीही घाबरले होते. तू मला बसवलंस ते परभणीतल्याच एका म्हाताऱ्या शिंप्यापाशी. चाचांचं फुप्फुस गेलेलं, बोलताना धाप लागायची. मला ती शांतता सोसेना. मी त्यांची चादर सारखी केली, परत सारखी केली, मग पोट साफ झालं का विचारलं. मग पुन्हा चादर. शेवटी चाचाच मला म्हणाले, "भोत परेशान दिखरी बेटी. जाको चा पी. मैं कां भागको जारूं?" तू दारात उभी होतीस आणि पदर तोंडाला लावून हसत होतीस. संध्याकाळी मला म्हणालीस, "तू त्यांच्यापाशी बसली व्हतीस का ते तुझ्यापाशी?" मला राग आला. पण दुसऱ्या दिवशी मी आपणहून जाऊन बसले, आणि चाचांनी मला त्यांच्या पहिल्या शिवलेल्या शेरवानीची गोष्ट सांगितली. त्यांना ती कुणाला तरी सांगायची होती. मला फक्त तिथं असायचं होतं, एवढं साधं ते होतं.

कसं वाटतंय, असं विचारायचं नाही, हे तू शिकवलंस. मरणाऱ्या माणसाला कसं वाटणार? तू विचारायचीस, "कुणाची वाट बघायलाव?" आणि काय सांगू, बंद तोंडं उघडायची. कुणाला रुसून गेलेला भाऊ हवा असायचा, कुणाला पोखर्णीच्या नरसिंहाचा अंगारा, कुणाला नुसती गोठ्यातली म्हैस व्याली का, एवढं कळायला हवं असायचं. मग तू स्टँडवर जायचीस. ताडकळसच्या गाडीचा कंडक्टर तुला लांबून बघूनच म्हणायचा, "अक्का, आज कुणाच्या घरी सांगावा?" त्या गाडीनं किती बापांना लेक भेटवले असतील. सगळेच वेळेवर यायचे असं नाही. पण निरोप गेलाय, एवढ्यावरसुद्धा माणूस निवांत व्हायचा.

आणि तुझं ते कपाट. काशीला जाऊन आलेल्या कुणीतरी दिलेला गंगाजलाचा गडू, हजहून आलेल्या घरानं दिलेली जमजमची बाटली. वॉर्डाच्या मागं कापलेल्या तेलाच्या डब्यात तुळस. चाचा गेले त्या दिवशी तू खाट फिरवून त्यांचं तोंड पश्चिमेकडं केलंस आणि गडी बोलवायचीही वाट बघितली नाहीस. आपल्या माणसापाशी बसलीस की हळू आवाजात त्रिशरण म्हणायचीस.

यावरून नगरातली पोरं तुला बोलायची. मीही बोलायचे, पोरांपेक्षा जास्त. बावीस प्रतिज्ञा घेतलेली बाई, आणि हिच्या कपाटात गंगाजल. नामांतराच्या मोर्च्यात आम्ही घसा कोरडा करून ओरडतोय, आणि ही तुळशीला पाणी घालते आहे. तू म्हणायचीस, "प्रतिज्ञा मी घेतली, इमल. त्या खाटंवरच्यानं न्हाई घेतली. तोंड त्याचं हाय, मरण त्याचं हाय." मी म्हणायचे, मग त्याच्या लोकांना आणू दे ना त्याचं पाणी. तू म्हणायचीस, "आणलं तर मी कशाला मधी येऊ?" तुझ्याशी भांडणं म्हणजे भिंतीवर मुठी मारणं. हात आपलाच दुखायचा.

ही भांडणं गमतीची होती. खरं भांडण आप्पांचं.

आप्पा आमच्या गावचे, मोठ्या जमिनीचे. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या वर्षी आमच्या गावात वस्ती पेटवली तेव्हा मी इथं परभणीत नोकरीला होते, म्हणून मी पाहिलं नाही. बापानं सांगितलं. आप्पांचा मळा वस्तीला लागून होता आणि विहिरीवर मोटार होती. बाप हात जोडून गेला, मालक, मोटार चालू करा, घरं चालली. आप्पा ओट्यावर बसलेले होते. म्हणाले, "लाइट न्हाई." आणि त्यांच्या डोक्यावर बल्ब चालू होता. काडी आप्पांनी लावली नव्हती, हे बापही कबूल करायचा. पण मरेपर्यंत त्याच्या तोंडी तो बल्बच होता.

सात-आठ वर्षांनी तेच आप्पा आपल्या वॉर्डात आले. पोट फुगलेलं, डोळे हळदीसारखे. मला त्यांनी ओळखलं नाही. ओळखतील कसे, आमच्याकडं कधी मान वळवून बघितलं होतं? मी त्यांना गोळ्या देत होते, पाणी देत होते, आणि ते मला "बाई" म्हणत होते. मी तुला सगळं सांगितलं. तू ऐकून घेतलंस आणि मी "तो, तो" करते म्हणून मला टोकलंस. "आप्पा म्हण. गावात म्हणत व्हतीस ना?" गावात भीतीनं म्हणत होतो, अक्का. तू म्हणालीस, "मंग आता बिनभीतीचं म्हणून बघ."

ऊन मी म्हणत होतं तेव्हाची दुपार. आप्पांचा थोरला लेक आईला आणायला गावाकडं गेलेला, गाडी संध्याकाळशिवाय येणार नव्हती. आप्पांचा श्वास बदलला. त्यांनी गंगाजल मागितलं. तू गडू आणलास, तुळशीचं पान धुऊन आणलंस, चमचा घेतलास. मी सलाईनची बाटली घेऊन दारात थांबले. आणि तू नेहमीसारखं विचारलंस. तुझा नियमच होता तो. दुसऱ्याच्या धर्माचं काही करायचं तर आधी सांगायचं, आपण कोण ते.

"आप्पा, गंगाजल हाय. देणारी मी हाय. मी बौद्ध हाय. माझ्या हातचं चालंल, का थांबू?"

आप्पांनी तुझ्याकडं बघितलं. शुद्धीत होते, चांगले शुद्धीत होते. मग त्यांनी ओठ मिटून घेतले आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

तू म्हणालीस, "बरं."

तू चमचा स्टुलावर ठेवलास. शेजारच्या खाटेवर झरी गावचा एक म्हातारा होता, त्याची बायको पायाशी बसून वारा घालत होती. तिला तू हाक मारलीस. "मावशी, जरा हिकडं येता का? ह्यांना पाणी घालायचंय."

"मला न्हाई बाई येत त्यातलं."

"येण्यासारखं काय हाय त्यात? चमचाभर पाणी. बसा हितं."

आणि तू तुझ्या जागेवरून उठलीस. मावशी बसल्या. त्यांच्या हातून आप्पांनी दोन घोट घेतले, तुळशीचं पान घेतलं, आणि त्यांचा चेहरा सैल झाला. तू खाटेच्या पायथ्याशी गज धरून उभी राहिलीस, त्यांचा जीव जाईपर्यंत. मी बघत होते तुझ्याकडं. तुझ्या तोंडावर काहीसुद्धा नव्हतं, अक्का. काहीसुद्धा. तेच मला सहन झालं नाही.

तू क्वार्टरमध्ये भाकरी करत होतीस, तिथं येऊन मी तोंडाला येईल ते बोलले. चार दिवस माझ्या हातचं पाणी पीतच होते ना? मग विचारलंस कशाला? न विचारता दिलं असतं तर प्याले असते आणि सुखानं मेले असते. विचारून तू त्यांना आपल्यावर थुंकायची संधी दिलीस. तू परातीतलं पीठ मळत राहिलीस. "शेवटचा घोट हाय, इमल. त्यात फसवणूक न्हाई करायची," एवढंच म्हणालीस. मी म्हणाले, ज्याचं जळतं त्याला कळतं, तुझं काय जळलं?  भाकरी थापलीस, तव्यावर टाकलीस, पाणी फिरवलंस.

मी बाळंतिणींच्या वॉर्डात बदली मागून घेतली. तिथं माणसं येतात, जात नाहीत, असा माझा हिशोब. तुझ्याशी बोलणं बंद केलं. तू पावसाळाभर काही म्हणाली नाहीस. मग एक दिवस येसरची आमटी घेऊन आलीस आणि म्हणालीस, "तिथं रडतात ती पोरं. त्यांना कुणाची वाट न्हाई बघायची. तुझा जीव रमत न्हाई तिथं." ते खरं होतं. मी परत आले. भात-आमटी खाताना आपण पुन्हा हसायला लागलो, पण आप्पांचा विषय दोघींनीही मिटवून टाकला. मिटवला म्हणजे संपला नव्हता. तुझ्या प्रत्येक तासाला, तू मुलींना "आधी विचारायचं" म्हणालीस की मला तो स्टुलावर ठेवलेला चमचा दिसायचा. मला एवढंच हवं होतं की तू एकदा म्हणावंस, आप्पा वाईट वागले. तू तेही म्हणाली नाहीस.

मग तुझ्या पोटात गाठ निघाली. औरंगाबादला दाखवून आलो. परत येताना गाडीत तू मला म्हणालीस, "डॉक्टर लय गोड बोलला. म्हंजे काय ते कळलं." तू वॉर्डात राहायला तयार झाली नाहीस. माझ्या घरी खाट टाकली.

संक्रांतीला विद्यापीठाचं नामांतर झालं. पुरतं नाही झालं, जुन्या नावाला जोडून वाढवलं. ऐन सणाच्या दिवशी नगरात हलगी वाजायला लागली, निळा गुलाल उडायला लागला, पोरं रडत होती आणि नाचत होती. मी दारात उभी राहून म्हणाले, एवढी माणसं मेली, एवढी घरं जळाली, आणि दिलं काय, अर्धं. तू आतून म्हणालीस, "तुला भाकरी दिली तर पीठ जाडं हाय म्हणशील. जा, गुलाल घिऊन ये." मी आणला. तुझ्या कपाळाला लावला. ताप होता, कपाळ चटकत होतं.

त्यानंतरच्या एका दुपारी, गलका ओसरला होता, ज्वारीच्या हुरड्याचा वास कुठून तरी येत होता, तेव्हा मी तुझ्या खाटेपाशी बसले. रिकाम्या हातानं. थट्टेनंच विचारलं, "अक्का, कुणाची वाट बघायलीस?" मला वाटलं, तू हसशील, तुझंच औषध तुला म्हणशील. तू छताकडं बघत राहिलीस. मग म्हणालीस, "कुणाची न्हाई. तुला एक सांगायचं राहिलंय."

"बोल की."

"त्या आप्पानं तोंड फिरवलं ना, तवा मला लय लागलं."

मी तुझ्याकडं सरकले.

"शाळंत आमाला पाणी वरून वतायचे. ओंजळीतून पितानी नाकात जायचं. तवा लागायचं ना, तसंच लागलं. तसंच. मला वाटलं व्हतं, इतकी वर्सं बसून बसून ते गेलं आसंल. न्हाई गेलं, इमल."

"मग उभी का राहिलीस तिथं?"

"जाऊ कुठं? माणूस जायला लागला व्हता."

"मला का नाही सांगितलंस? मी इतकं बोलले तुला. एक शब्द बोलली असतीस."

तू डोळे मिटलेस. मला वाटलं झोप लागली. मग म्हणालीस, "तुला सांगितलं आसतं तर तू पुन्हा कोणत्याच खाटंपाशी बसली नसतीस. मला तुझी भीती व्हती."

अक्का, म्हणजे माझंच खरं होतं ना? ते वाईट वागले होते आणि तुला लागलं होतं. इतकी वर्षं मला हेच ऐकायचं होतं. आणि ऐकलं तेव्हा मला काहीसुद्धा जिंकल्यासारखं वाटलं नाही. मला दिसत होती ती तू, खाटेच्या पायथ्याशी गज धरून उभी असलेली, आणि सबंध वॉर्डात तुझ्याकडं बघणारं एकही माणूस नसलेली. होते ती मी. पण मी रागानं बघत होते. त्या दिवशी तू घरी आलीस आणि एकटीनं भाकरी केलीस. त्या रात्री झोपलीस का? कुणाकडं तरी गेलीस का? कुणाला तरी सांगितलंस का? हे मला तुला विचारायचं होतं. तुला थकवा आला होता, म्हणून मी म्हटलं, उद्या विचारीन. दुसऱ्या दिवशी तू बोलण्याच्या पलीकडं गेलीस. मी कापसानं तुझे ओठ ओले करत राहिले आणि सकाळी चहाच्या वेळेला तू गेलीस. तोंड कुणीकडं करायचं, काय म्हणायचं, हे सगळं मला माहीत होतं, तूच शिकवलेलं. मी त्रिशरण म्हणायला लागले आणि मध्येच मला पुढचे शब्द आठवेनात. तुझ्या भावानं पुरं केलं.

तू असं का केलंस, याचा मला अजून राग आहे. मला सांगितलं नाहीस याचा. माझ्यावर एवढा कमी भरवसा ठेवलास याचा. आणि तुझं बरोबर होतं, याचाही. मी नसतेच बसले पुन्हा.

आता तुझा तास मला घ्यायला सांगितला आहे. आज दुपारी पहिला घेतला. नव्या मुली, कालपरवा आलेल्या. मी त्यांना खाटा दाखवल्या, हात रिकामे करायला लावले, वाट बघण्याचं विचारायला शिकवलं. आणि मग तो नियम सांगितला. दुसऱ्याच्या देवाधर्माचं काही करायचं तर आधी आपण कोण ते सांगायचं, आणि विचारायचं. मागच्या बाजूला बसलेली एक पोरगी, नगरातलीच, तिनं हात वर केला. "बाई, आन त्यो न्हाई म्हणला तर?"

मला वाटलं होतं, हा प्रश्न कुणी विचारणार नाही. तुला कधी कुणी विचारला नव्हता. विचारला असता तर तू म्हणाली असतीस, "बरं म्हणायचं आन उठायचं." मीही तेच सांगितलं. जागा द्यायची, दुसऱ्या कुणाला बोलवायचं, आणि माणूस जाईपर्यंत तिथंच उभं राहायचं. मग मी पुढं एक जास्तीचं सांगितलं, जे तुझ्या तासात नव्हतं. म्हणाले, "आणि तिथलं काम झालं की तडक माझ्याकडं यायचं. घरी जायचं नाही, भाकरी करायची नाही. माझ्याकडं यायचं आणि लागलं म्हणायचं. रडायचं असलं तर रडायचं. शिव्या द्यायच्या असल्या तर द्यायच्या. मी काही बोलणार नाही. एकटीनं गिळायचं नाही."

 ती पोरगी माझ्याकडं बघत होती. म्हणाली, "आन तुमी, बाई? तुमी कुणाकडं जाता?"

मी म्हणाले, वेळ झाली, जा आता, चहाची सुट्टी आहे. त्या गेल्या. तिला मी उत्तर दिलं नाही, अक्का. घरी आले, दार लावलं, आणि तुला हे लिहायला बसले.